नवे इंजिन मुरवावे कसे?

नवा बिडाचा तवा घरी आला म्हणजे घरातली बाई त्यावर लगेच घावन घालीत नाही. ती तवा घासते, पुसते, त्याला तेल लावते. मंद आचेवर तापविते. मग खाली उतरवून निवू देते. पुन्हा तेल, पुन्हा आच, पुन्हा निवविणे. दोन-चार वेळा असे झाले म्हणजे तवा मुरला. मग त्यावर घावन चिकटत नाही. तो तवा सासूच्या हातून सुनेच्या हाती जातो आणि पुढे नातसुनेच्याही.

खोंडाचेही तसेच. पहिल्याच दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवून भाताची भरली गाडी ओढायला लावली, तर तो मधेच बसेल. एकदा बसायची खोड लागली की ती जन्माची. पण त्याला दावणीला नुसता बांधून ठेवला, तरी तो काही शिकणार नाही. त्याला रोज थोडे आणि हलके काम द्यावे लागते. काम झाले की विसावा द्यावा लागतो.

नव्या इंजिनाचीही रीत हीच आहे. ते पहिल्याच दिवशी पिळून काढू नये, आणि नुसते निजवूनही ठेवू नये. सुरुवातीला त्याला बेताचे काम, बेताची ऊब आणि मधून मधून विसावा द्यावा. गॅरेजवाले याला 'रनिंग इन' म्हणतात. आम्ही या धड्यात त्याला 'इंजिन मुरवणे' म्हणू. शब्द तव्यावरून घेतला आहे, म्हणून तो ध्यानात राहील.

हा धडा कोणासाठी?

खडवली हे कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे स्टेशन आहे. अलीकडे टिटवाळा, पलीकडे वासिंद. गावाजवळून भातसा नदी वाहते. काठच्या मळ्यात पाणी चढवायला कुणी विजेचा पंप लावतो, कुणी डिझेलचे इंजिन. रस्त्यावर मोटारसायकली आहेत, रिक्षा आहेत, टेम्पो आहेत. पंचवीस-तीस घरांच्या पाड्यावर गेलात तरी एखादे इंजिन सापडतेच.

हे इंजिन पुष्कळदा कर्जाने घेतलेले असते. हप्ता दरमहा भरावा लागतो. इंजिन नवे असतानाच बिघडले, तर काम थांबते, पण हप्ता थांबत नाही. म्हणून नवे इंजिन कसे वागवावे हे प्रत्येकाला ठाऊक हवे.

आपल्या महाराष्ट्राला इंजिने नवी नाहीत. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकातच डिझेल इंजिने तयार केली. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. तिची इंजिने गावोगावच्या विहिरींवर बसली. तेव्हापासून आपले शेतकरी इंजिनाच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखतात.

पण आज आपण मोठे इंजिन समोर घेणार नाही. अगदी लहान घेणार आहोत. ते आहे शर्यतीच्या खेळण्यातल्या मोटारीचे इंजिन.

खेळणे म्हटले म्हणून हसू नका. ही मोटार हातभर लांब असते. मोठ्या आकाराची असेल तर वजन दोन-अडीच किलो. हाकणारा दूर उभा राहतो. त्याच्या हातात बिनतारी यंत्र असते. सपाट डांबरी किंवा सिमेंटच्या वाटेवर ही गाडी तासाला शंभर किलोमीटरच्याही पुढे पळते. मुंबईत पवईला आय. आय. टी. आहे. तेथील विद्यार्थ्यांचा 'टेकफेस्ट' हा उत्सव १९९८ पासून भरतो. त्यात इंजिनावर चालणाऱ्या अशा मोटारींच्या शर्यतीही झाल्या आहेत. आपल्या भागातली इंजिनिअरिंगची मुले असल्या मोटारी जुळवतात. उद्या तुमच्या घरचे पोरही असे एखादे इंजिन घेऊन येईल.

आणखी एक कारण आहे. पंपाच्या इंजिनाला मुरायला दिवसचे दिवस लागतात. या लहानग्या इंजिनाचे सारे एका दिवसात होते. चूक केली तर तीही त्याच दिवशी दिसते. लहान आरशातही तोंड पुरते दिसते, नाही का? तसेच हे.

इंजिनाच्या पोटात काय आहे?

सिलिंडर म्हणजे आतून गोल आणि गुळगुळीत असलेला नळा. पिस्टन म्हणजे त्यात वर-खाली होणारा दट्ट्या. सायकलच्या पंपात जसा दट्ट्या असतो तसाच. वरच्या बाजूला इंधनाचा आणि हवेचा भडका होतो. तो पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन दांड्याला ढकलतो, दांडा आस फिरवतो आणि आसाने चाके फिरतात.

या लहान इंजिनाचे पोट केवढे? मध्यम गाडीत २.१ घनसेंटिमीटर, मोठ्या गाडीत ३.५ घनसेंटिमीटर. चहाच्या चमच्यात पाच मावतात. म्हणजे मध्यम गाडीच्या इंजिनाचे पोट अर्ध्या चमच्याहूनही लहान.

आता वेग पाहा. मळ्यावरचे एक साधारण डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. मिनिटाचे सेकंद साठ. म्हणजे सेकंदाला २५ फेरे झाले. हे लहानगे इंजिन जोरात असताना मिनिटाला ३०,००० फेरे घेते, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे सेकंदाला ५०० फेरे! तुम्ही एकदा डोळ्याची पापणी मिटून उघडता, तेवढ्यात पिस्टन शंभर वेळा तरी वर-खाली होऊन जातो. धातूवर धातू इतक्या वेगाने घासला, आणि मधे तेल कमी पडले, तर काय होईल ते सांगायला नको.

याचे इंधनही निराळे आहे. पेट्रोल नव्हे, डिझेल नव्हे. त्यात तीन वस्तू असतात. पहिली मिथेनॉल, ही एक प्रकारची विषारी स्पिरिट. दुसरी नायट्रोमिथेन. शर्यतीच्या इंधनात ती साधारण शंभरात १६ ते २५ भाग असते. तिच्यात प्राणवायू अंगचाच असतो, म्हणून भडका जोरकस होतो. तिच्याच नावावरून या इंजिनाला 'नायट्रो इंजिन' म्हणतात. तिसरी वस्तू तेल. हे तेल एरंडेल असते किंवा कारखान्यात बनविलेले असते.

तेलाचे एवढे ध्यानात ठेवा. मोठ्या इंजिनात तेलाची टाकी खाली वेगळी असते. या इंजिनात ती नाही. तेल इंधनातच मिसळलेले असते. म्हणजे इंधन जास्त गेले तर तेल जास्त, इंधन कमी गेले तर तेलही कमी. पुढचा सगळा धडा या एका वाक्यावर उभा आहे.

यात ठिणगीचा प्लग नसतो. 'ग्लो प्लग' असतो. त्यात प्लॅटिनम धातूची बारीक तारेची गुंडाळी असते. चालू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ती लाल करतात. इंजिन एकदा चालू झाले की बॅटरी काढून घेतात. भडक्याच्या उष्णतेने आणि मिथेनॉल प्लॅटिनमला लागल्याने ती आपोआप लाल राहते. अमेरिकेत रे आर्डन नावाच्या कारागिराने १९४७ च्या सुमारास असा प्लग बाजारात आणला. तेव्हापासून अशी छोटी इंजिने बनविणे सोपे झाले.

नवे इंजिन घट्ट का असते?

पंपाच्या किंवा मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टनला कड्या असतात. गॅरेजवाले त्यांना 'रिंगा' म्हणतात. रिंगा सिलिंडरला टेकून भडक्याची हवा अडवतात. शर्यतीच्या या लहान इंजिनात बहुधा रिंगा नसतात. पिस्टन स्वतःच सिलिंडरला बिलगून चालतो.

सिलिंडर पितळेचा असतो. त्याला आतून क्रोमचा मुलामा असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, पण त्यात सिलिकॉन मिसळलेले असते. आता गंमत पाहा. सिलिंडर वर किंचित अरुंद केलेला असतो. किती किंचित? केसाच्या जाडीहूनही कमी. म्हणून इंजिन थंड असताना हाताने फिरवले तर पिस्टन वर आला की अडकल्यासारखा होतो. नवखा माणूस म्हणतो, "अहो, हे जाम आहे!" पण ते जाम नसते. ते मुद्दामच तसे केलेले असते.

असे का करतात? धातू तापला की फुगतो. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना लोहार ती लाल करतो, फुगवून चढवतो आणि मग पाणी ओततो. तेच इथे. सिलिंडरचे वरचे टोक भडक्याजवळ असते, म्हणून ते अधिक तापते. शिवाय पितळ जास्त फुगते आणि सिलिकॉन मिसळलेले ॲल्युमिनियम कमी फुगते. इंजिन पुरेसे तापले की वरचा अरुंद भाग पसरतो आणि पिस्टनला बरोबर जागा मिळते. ना सैल, ना आवळ.

म्हणजे काय झाले? या इंजिनाचे खरे माप थंडपणी नसते, ते तापल्यावरचे असते.

एक जुना समज

पूर्वी या छोट्या इंजिनांत लोखंडी पिस्टन आणि पोलादी सिलिंडर असत. ती मुरवताना भरपूर इंधन, भरपूर तेल देत आणि इंजिन अगदी गार ठेवत. तो काळ गेला, इंजिनाचे धातू बदलले, पण तो समज राहिला. अजून पुष्कळ जण नवे इंजिन इतके गार चालवतात की त्याच्या डोक्याला हात लावला तरी भाजत नाही. "आम्ही जपतोय," असे म्हणतात.

पण हे जपणे नव्हे. इंजिन गार असेल तर सिलिंडर वर अरुंदच राहतो. पिस्टन दर फेऱ्याला त्या अरुंद जागेत शिरतो आणि घासून निघतो. सेकंदाला शेकडो वेळा! दोन-तीन टाक्या इंधन संपेपर्यंत पिस्टनची कड झिजते. पुढे इंजिन तापले की तो सैल पडतो. मग हवा अडत नाही, जोर येत नाही, गरम इंजिन चालू होत नाही. लाड करूनच पोर बिघडवले म्हणायचे.

उलट दुसरा पोरगा पहिल्याच टाकीला इंधन कमी करतो आणि गाडी भरधाव सोडतो. इंधन कमी, म्हणून तेल कमी, म्हणून उष्णता फार. पिस्टन जास्त फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन 'पकडले'. खेळ तिथेच संपला.

दोन्ही वाटा खड्ड्यात जातात. मधली वाट धरावी: ऊब पुरेशी, तेल भरपूर आणि ओझे थोडे.

आता मुरवू या

प्रथम डब्यातली पुस्तिका वाचा. बनविणाऱ्याने काही निराळे लिहिले असेल तर त्याचेच ऐका. त्याचे इंजिन तोच जाणतो. पुस्तिकेत नसेल तर ही रीत धरा.

पहिले. जागा मोकळी हवी, हवा खेळती हवी. धूर विषारी असतो, म्हणून बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये. गाडी ठोकळ्यावर अशी ठेवा की चाके जमिनीला लागणार नाहीत. सगळे स्क्रू घट्ट आहेत ना, हवेची गाळणी स्वच्छ आणि तेल लावलेली आहे ना, ते पाहा. भातसेकाठची वाळू बारीक असते. तिचा एक कण आत गेला तर पिस्टनवर चरा उमटतो.

दुसरे. इंधनाची सुई पाहा. कार्बोरेटरवर एक स्क्रू असतो, त्याला सुई म्हणतात. तो डावीकडे फिरवला की इंधन जास्त जाते, उजवीकडे फिरवला की कमी. मुरवताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंधन जास्तच ठेवा. मागून पांढऱ्या धुराची शेपटी दिसत राहिली पाहिजे. धूर दिसतो आहे म्हणजे तेल पोचते आहे.

तिसरे. इंजिनाला आधी ऊब द्या. गरम हवा फुंकणारे यंत्र असेल तर त्याने डोके तापवा. घरातले केस वाळविण्याचे यंत्रही काही अंशी चालते. मग इंजिन चालू करा. डोके लवकर गार होत असेल तर त्याच्या पट्ट्यांभोवती ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळा. पोळ्यांच्या डब्यात घालतात तोच. इंधन जास्त ठेवले तर इंजिन गार पडू पाहते. कागदाने ऊब राहते. म्हणजे तेलही मिळाले आणि ऊबही मिळाली.

चौथे. ऊब किती? साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअस. मोजायचे यंत्र मिळते. ते नसेल तर तव्याची युक्ती वापरा. बोटाने पाण्याचा एक थेंब डोक्यावर टाका. थेंब नुसता बसून राहिला तर इंजिन गार आहे. पडताक्षणी चर्रकन् उडून गेला तर फार तापले आहे. तीन-चार सेकंद सळसळत आटला, तर ऊब बेताची आहे. बायकांना हे शिकवायला नको. भाकरीच्या आधी त्या रोज हेच करतात.

पाचवे. पहिल्या एक-दोन टाक्या असेच ठोकळ्यावर, हलक्या चालीत चालवा. मधून मधून वेग किंचित वाढवा, पुन्हा कमी करा. चाके अधांतरी असताना वेग एकदम पूर्ण वाढवू नका. ओझे नसलेले इंजिन भणाणून फिरते आणि दांडा तुटतो.

सहावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. थोडे इंधन शिल्लक असतानाच थांबवा. इंधनाची नळी दाबूनही थांबवू नका. दोन्ही वेळा शेवटच्या क्षणी इंधन कमी पडते, तेल कमी पडते आणि इंजिन भाजते. जाड कापड घेऊन धुराच्या नळीचे तोंड बंद करा. इंजिन गप्प बसते.

सातवे. आता विसावा. हे काम सगळ्यात सोपे, आणि तरुण मंडळी तेच टाळतात. आस हाताने फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा. वर अरुंद जागेत ठेवला तर थंड होताना सिलिंडर त्याला आवळतो. इंजिन पुरते निवू द्या, हाताला गार लागेपर्यंत. पंधरा-वीस मिनिटे तरी लागतात. तापणे आणि निवणे, तापणे आणि निवणे. त्यातच दोन्ही धातू एकमेकांच्या अंगवळणी पडतात.

आठवे. तिसऱ्या-चौथ्या टाकीला गाडी जमिनीवर उतरवा. अर्ध्या वेगापलीकडे जाऊ नका. पुढे पाचव्या, सहाव्या, सातव्या टाकीला थोडी थोडी धाव द्या. दोन-तीन सेकंद जोर, मग हलकी चाल. सुई उजवीकडे फिरवायची ती अगदी थोडी. पूर्ण फेऱ्याचा आठवा हिस्सा, तोही एका वेळी एकदाच. धुराची शेपटी दिसेनाशी झाली की समजा, फार फिरवली. लगेच मागे घ्या.

साधारण पाच ते आठ टाक्यांत इंजिन मुरते. मग ते हाताने फिरवताना वरची अडकण थोडी कमी झालेली असते. मात्र ती अजिबात नाहीशी झाली असेल, तर इंजिन मुरले नाही, झिजले.

नववे. दिवसाचे काम संपले की उरलेले इंधन काढून टाका. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीलाही घाम फुटतो. तसल्या हवेत आतली पोलादी बेअरिंगे चार दिवसांत गंजतात. म्हणून गंज न धरणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब आत सोडा आणि आस हाताने फिरवून ठेवा.

आणि गाडी कुठे पळवावी? रस्त्यावर नाही. नदीकाठी सुटीच्या दिवशी माणसांची गर्दी असते, तिथेही नाही. अडीच किलोची वस्तू शंभराच्या वेगाने पायावर आदळली तर हाड मोडेल. कुंपण असलेले मोकळे पटांगण पाहावे, मालकाची परवानगी घ्यावी. आवाज मोठा असतो, म्हणून आजारी माणसाचे घर जवळ नाही ना, हेही पाहावे.

बाटलीवरचे अक्षर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंजिन बिघडले तर पैसे जातील. पण या इंधनाने माणूस जाऊ शकतो.

मिथेनॉल दिसायला पाण्यासारखे असते. वास दारूसारखा येतो. पण ते पिण्याची दारू नव्हे. ते विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी डोळे जाऊ शकतात, जीवही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉलच होते. रोजावर जाणारी, कष्टाची माणसे होती ती.

म्हणून हे इंधन कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. ते मूळ डब्यातच ठेवा. डबा उंच जागी, कुलपात ठेवा. डब्यावर इंग्रजीत काहीही लिहिलेले असो, तुम्ही त्यावर मराठीत एक शब्द मोठ्या अक्षरात लिहा: 'विष'. दोन अक्षरे. तुम्हाला ती लिहिता येतात. ज्या घरात ही दोन अक्षरे लिहिता येतात आणि वाचता येतात, त्या घरावरचे एक संकट टळते.

कुणाच्या पोटात चुकून गेलेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. ताबडतोब इस्पितळात न्या. डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय ते कळेल. सुरुवातीला माणूस बरा दिसतो. त्यावर जाऊ नका. विष उशिरा चढते.

हातावर सांडले तर लगेच धुवा. विडी-काडी जवळ नको. मिथेनॉलची ज्योत दिवसा उजेडात जवळजवळ दिसतच नाही. आग लागली हे कळते ते भाजल्यावरच. जवळ पाण्याने भरलेली बादली आणि ओले पोते ठेवा.

मोठ्या इंजिनाकडे परत

लहान इंजिनावर शिकलो ते आता मळ्यात आणि रस्त्यावर लावू या.

डिझेल पंपाच्या आणि मोटारसायकलच्या इंजिनात रिंगा असतात, हे आपण पाहिले. सिलिंडरच्या आतल्या अंगावर कारखान्यात अगदी बारीक रेघा पाडलेल्या असतात. नव्या पाट्याला टाकी लावतात तशा. रिंगा त्या रेघांवर घासून नेमक्या बसतात. त्यांना बसायला थोडे ओझे लागते. म्हणून नवे पंपाचे इंजिन तासन् तास नुसते रिकामे चालवू नये. तसे केले तर सिलिंडरच्या अंगावर चकचकीत थर चढतो, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल पिऊ लागते. पण पहिल्याच दिवशी पूर्ण ओझे टाकून रात्रभरही चालवू नये. बेताचे ओझे, मधून विसावा. तेच सूत्र.

घासताना धातूचे बारीक कण निघतात. ते तेलात मिसळतात. म्हणून नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर बदलायचे असते. किती तासांनी किंवा किती किलोमीटरनी, ते पुस्तिकेत छापलेले असते. "तेल तर अजून नवे दिसतेय," म्हणून पुष्कळ जण ते तसेच ठेवतात. चार पैसे वाचतात आणि ते कण इंजिन खात राहतात.

मोटारसायकलच्या पुस्तिकेत पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत किती वेगाने जावे ते दिलेले असते. विलायतेत पूर्वी नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर 'गाडी नवी आहे, पुढे जा' अशा अर्थाची चिठ्ठी लावीत. हळू चालण्याची त्यांना लाज वाटत नसे. आपणही वाटून घेऊ नये. कसारा घाटात नव्या गाडीवर तिघे बसून, गिअर न बदलता, तिला रडवीत वर चढवू नये.

आता तुमच्या स्वतःच्या हाताकडे पाहा. तुम्ही पहिल्यांदा पेन्सिल धरली तेव्हा बोटे अवघडली होती. पहिल्याच रात्री आम्ही पानभर लिहायला सांगितले असते, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला नसता. पेन्सिल नुसती खिशात ठेवून घरी पाठवले असते, तर आज हा धडा वाचता आला नसता. रोज चार ओळी, मग विसावा, पुन्हा चार ओळी. तशी बोटे मुरली. आता त्याच बोटांनी इंजिनाची पुस्तिका उघडा आणि तेल कधी बदलायचे तो आकडा शोधा. सापडला की घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वाचून झाल्यावर सांगा

१. बिडाचा तवा आणि इंजिन यांच्या मुरवण्यात सारखे काय आहे?
२. लहान इंजिनाचा सिलिंडर वर अरुंद का ठेवतात?
३. इंधन कमी केले की तेलही कमी का होते?
४. फार गार ठेवल्याने इंजिनाचे काय नुकसान होते?
५. एक इंजिन मिनिटाला ३६,००० फेरे घेते. सेकंदाला किती फेरे झाले?
६. इंजिन निवताना पिस्टन कुठे ठेवावा आणि का?
७. इंधनाच्या डब्यावर कोणता शब्द लिहाल? तो वहीत पाच वेळा लिहा.
८. तुमच्या घरी किंवा शेजारी नवे इंजिन असेल तर त्याची पुस्तिका पुढच्या वर्गाला घेऊन या. आपण सारे मिळून ती वाचू.